दहा वर्षांवरची सही

बारामतीच्या कोर्टासमोर सकाळी साडेदहाला चहाच्या गाड्यावर वकीलसाहेब दिसले नाहीत, तर ते इंदापूरच्या कोर्टासमोरच्या गाड्यावर आहेत असं समजावं. नाव सांगण्यात अर्थ नाही. असे साहेब प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला आलेले असतात. काळा कोट हातावर. उन्हाळ्यात खालच्या कोर्टात कोटाची सक्ती नसते, पण कोट घरी ठेवला तर पक्षकारानं ओळखायचं कशावरून? समोर लॉच्या शेवटच्या वर्षाचा एखादा मुलगा, बापासकट. साहेबांच्या दाव्यांचे निकाल लागायला वर्षं जातात, सल्ल्याचा निकाल मात्र चहा संपायच्या आत लागतो.

मुंबईत सॉलिसिटर व्हायचं तर आजही तीन वर्षं आर्टिकलशिप करून बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यावी लागते. मोठ्या फर्ममध्ये शिरायला इंटर्नशिपचे दाखले लागतात, मुलाखती होतात. साहेबांच्या हातात कुणी असा दोन पानी बायोडाटा ठेवला, की ते तो मागूनपुढून बघतात आणि विचारतात, "यात मामाचं गाव कुठंय?" मूट कोर्टातलं बक्षीस त्यांच्या नजरेला पडत नाही. मामा सोसायटीचा चेअरमन असला तर ते न सांगता कळतं, कारण चेअरमन मामा म्हणजे वाटपाचे दोन दावे आणि चेक बाऊन्सच्या चार केसेस. कऱ्हेकाठी ज्युनिअरचा अर्ज पोस्टानं येत नाही. मामाच्या मोटारसायकलवर मागं बसून येतो.

सनदेबद्दल साहेबांचं मत ठाम आहे : सनद स्वस्त, फ्लेक्स महाग. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की खुल्या वर्गाकडून नोंदणीसाठी ७५० रुपयांच्या वर घेता येणार नाहीत. त्याआधी ठिकठिकाणच्या बार कौन्सिलांचा आकडा हजारांत जायचा. आता ७५० रुपयांत मुलगा वकील होतो आणि त्याच्या कितीतरी पट खर्चून एसटी स्टँडपाशी त्याचा फ्लेक्स लागतो. वकिलाला जाहिरात करायची बंदी आहे, म्हणून मुलगा फक्त हात जोडून उभा असतो. अभिनंदन समस्त ग्रामस्थ करतात.

मग पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम. पुकारा झाला की उभं राहायचं आणि "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत" म्हणायचं. साहेब तेव्हा या गाड्यावर असतात. मुदतीचा अर्ज लिहायचा, पण मागच्या तारखेचं कारण पुन्हा लिहायचं नाही. "अरे, याच बारामतीत मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं लिहिली. तुला एक मुदत अर्ज दोन तऱ्हांनी लिहिता येऊ नये?"

कोर्टात पाय लटपटणाऱ्यांसाठी गांधींची गोष्ट राखून ठेवलेली आहे. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात बॅरिस्टर गांधी उलटतपासणीला उभे राहिले, एकही प्रश्न सुचेना, खाली बसले. साहेब इथंच थांबतात. गांधींनी तीस रुपयांची फी परत केली, हा भाग ते मुलांना सांगत नाहीत.

या माणसाला निव्वळ हसून सोडून देता येत नाही, ही माझी अडचण आहे. कारण मधूनच तो असं काही बोलतो, जे कॉलेजात कुणी शिकवत नाही. रस्ता अडवला म्हणून शेतकरी आला, की नवी मुलं दिवाणी दावा आणि त्यात निशाणी ५ चा मनाई अर्ज लिहायला घेतात. साहेब पेन काढून घेतात. "अडवून किती दिवस झाले, ते आधी विचार. सहा महिने उलटले नसतील तर तहसीलदाराकडं जा. मामलेदार कोर्ट ॲक्ट, १९०६, कलम ५." पाटाच्या पाळीचं भांडण आलं तर ज्युनिअरला नीरा डाव्या कालव्याच्या चारीवर धाडतात, बांधाचं असलं तर शेतात. चतुःसीमा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दाव्यात लिहायच्या नाहीत. पक्षकार रडायला लागला की पाणी द्यायचं, आणि तो पाणी पीत असताना फेरफार वाचून काढायचे. बेलिफाला पत्ता नीट द्यायचा, शिरस्तेदाराला नमस्कार काम नसतानाही करायचा. हे सगळं खरं आहे. यातला कुठला सल्ला मुलाच्या भल्याचा आणि कुठला साहेबांची पायपीट वाचवणारा, हे ओळखायला मात्र दोनतीन वर्षं लागतात, आणि तोवर पायपीट झालेली असते.

नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून आले. ज्युनिअर म्हणाली, "सर, चारशेवीस आता तीनशेअठरा झालंय." साहेब म्हणाले, "कायदा बदलला, माणसं बदलली का?" तीच मुलगी त्यांचं ई-फायलिंग करते. त्यात साहेबांचा वाटा एवढाच, की ओटीपी त्यांच्या फोनवर येतो.

साहेबांना खरे दिवस आले ते मे २०२५ मध्ये. तोवर हुशार मुलं कॉलेजातून थेट पुण्याच्या क्लासला जायची आणि न्यायाधीश होऊनच दिसायची. गाड्याकडं बघतही नसत. मग सुप्रीम कोर्टानं ठरवलं, की दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेआधी तीन वर्षं वकिली हवी. वकिलीचा दाखला त्या कोर्टाचे प्रमुख न्यायाधीश देणार, किंवा दहा वर्षांहून जुना वकील देणार आणि न्यायाधीश त्यावर शेरा मारणार. साहेबांनी निकालातली ती 'किंवा' पुढची ओळ तेवढी वाचली आणि त्याच आठवड्यात नवा रबरी शिक्का करून घेतला.

परवा कऱ्हाटीच्या बाजूचे एक शेतकरी मुलाला घेऊन आले होते. मुलानं भीतभीत मोबाइल पुढं केला. बार कौन्सिल ऑफ इंडियाचं ऑक्टोबर २०२४ चं परिपत्रक : ज्युनिअरला ग्रामीण भागात महिना किमान पंधरा हजार द्यावेत. साहेबांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

"ही शिफारस आहे, बाळ. हुकूमनामा असता तर दरखास्त लावता आली असती."

दरखास्त म्हटल्यावर बापाला कंठ फुटला. "आमची हाय की, वकीलसाहेब! बांधाची. आमच्या आबांच्या हुकूमनाम्याची. आजून चालूच हाय."

"मग झालं तर. पोरगं माझ्याकडं बसू द्या, तीच पहिली चालवंल."

"पन तिच्यात समोरच्याचं वकीलपत्र तुमचंच हाय."

साहेबांनी कप खाली ठेवला.

"त्यात आपण मुदत घेऊ," ते म्हणाले.