मध्यंतरातला निकाल

मैफलीचं मध्यंतर झालं की चहाच्या टेबलाभोवती निकाल लागतो. गायक साठीपुढचा असेल तर तो निकाल घरूनच ठरवून आणलेला असतो. जळगावात तो 'पहिल्यासारखा आवाज नाही राह्यला भो' असा येतो, धुळ्यात 'आते पहिलासारखा आवाज नही ऱ्हायना भाऊ' असा. हे सांगणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्या गाण्याला आत आलेले असतात, तिसऱ्याला फोन घ्यायला बाहेर गेलेले असतात आणि भैरवी सुरू होण्याआधी पार्किंगमध्ये पोचणार असतात. माझी तक्रार या मंडळींबद्दल आहे. तिच्यातली एकेक गोष्ट लहान आहे. पण या लहान गोष्टी मिळून एका ज्येष्ठ कलावंताची संध्याकाळ खातात, म्हणून त्या एकदा नीट मांडायला हव्यात.

पहिली तक्रार वेळेची. पत्रिकेवर सहा छापलेले असतात आणि सहा म्हणजे सात, हे सगळ्यांनी मनाशी धरलेलं असतं. आयोजक रसिक यायची वाट बघतात. रसिक घरी बसून, कार्यक्रम सुरू झाल्याचा फोन कुणाचा तरी येईल, याची वाट बघतात. सात वाजता दीपप्रज्वलन होतं. पंख्याच्या वाऱ्याने वात विझते, ती पुन्हा लावली जाते. मग स्वागत, प्रास्ताविक, मान्यवरांचे सत्कार. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. फोटोग्राफरला कोन मिळाला नाही की तीच शाल पुन्हा एकदा पांघरली जाते. प्रायोजकांची नावं वाचून झाल्यावर एक नाव राहिल्याची चिठ्ठी येते आणि निवेदक परत माइकपाशी जातो.

एवढा वेळ विंगेत सत्तरीचा गायक बसलेला असतो. त्याने तानपुरे जुळवलेले असतात, गळा तापवलेला असतो. जानेवारीच्या थंडीत जुळवलेला तानपुरा तासभर तसाच राहत नाही आणि सत्तरीतला गळाही राहत नाही. मग पहिल्या ख्यालात स्वर जरासा अडकतो, आणि ज्यांच्या सत्कारापायी तो अडकला तेच पुढच्या सोफ्यावरून एकमेकांकडे बघून मान हलवतात.

उघड्या रंगमंचावर या उशिराची किंमत आणखी वाढते. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहाला आतल्यापुरती सूट आहे. सणावाराला, सांस्कृतिक उत्सवाला राज्य सरकार रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण तीही वर्षातून फार तर 15 दिवस. नियम चांगला आहे. आजारी माणसाला आणि परीक्षेच्या मुलाला झोप हवीच. मात्र दहाची वेळ ठरलेली असताना भाषणांत घालवलेला पाऊण तास प्रायोजकांच्या वाट्यातून जात नाही, मान्यवरांच्याही नाही. तो गायकाच्या वाट्यातून जातो. द्रुत आटोपती घ्यावी लागते, भजन गळतं. दुसऱ्या दिवशी चर्चा काय होते? बुवांनी थोडक्यात उरकलं.

दुसरी तक्रार कानाला त्रास देणाऱ्या वस्तूंची. आपला जळगाव जिल्हा केळीचा, तेव्हा केळीच्या वेफर्सची पुडी सभागृहात येणारच. पण ती विलंबित ख्यालाच्या आलापात फोडू नये. पुडी हळू फोडली तर आवाज जास्त वेळ चालतो, याचा विचार फोडणाऱ्याने केलेला नसतो. मग फोन वाजतो. फोनचा मालक तो बंद करत नाही. 'गाण्याला आलोय, नंतर करतो' हे सांगण्यासाठी उचलतो. ज्याचा फोन वाजत नाही तो हात उंच करून चित्रण करत असतो आणि मागच्या माणसाला गायकाऐवजी गायकाची चार इंचांची प्रतिमा दिसते. हे चित्रण पुढे कुणी बघत नाही. ते नातेवाइकांच्या गटात जातं, तिथे दोन हात जोडलेले येतात आणि विषय संपतो. गायिका किशोरीताई आमोणकर मैफलीत असली बेपर्वाई खपवून घेत नसत. लोक त्याला लहर म्हणत. मला ती कामाची शिस्त वाटते. स्वराच्या एवढ्या बारीक जागी पोचायचं तर समोर शांतता लागते आणि ती मागण्याचा गायकाला पूर्ण अधिकार आहे.

तिसरी तक्रार साउंडची. आपल्याकडे लग्नाच्या वरातीला, मिरवणुकीला आणि ख्यालाला बहुधा एकच साउंडवाला येतो. त्याची मेहनत मी जाणतो. सकाळपासून वायरी ओढून तो दमलेला असतो. पण वरातीसाठी लावलेला बेस ख्यालाला तसाच ठेवला की डग्गा छातीत घुमतो आणि तानपुरा कुणालाच ऐकू येत नाही, गायकालासुद्धा नाही. ज्याच्या आधाराने सूर लावायचा तोच ऐकू येत नसेल तर तिशीतला गायकही चाचपडेल. वर आवाजाला इको दिलेला असतो, त्यामुळे प्रत्येक तान संपल्यानंतरही मागे रेंगाळते आणि पुढच्या तानेवर चढते. गायक हाताने खुणा करतो, मॉनिटर वाढवा म्हणतो. त्या खुणा त्याच्या अदाकारीचा भाग समजून लोक दाद देतात. आवाजाविषयी मत बनवताना समोर गळा किती होता आणि मिक्सर किती होता, एवढा हिशेब तरी व्हायला हवा.

चौथी तक्रार फर्माइशीची. फर्माइश हा रसिकाचा जुना हक्क आहे आणि तो मला मान्य आहे. संगीत नाटकांच्या काळात वन्स मोअर घेत घेत प्रयोग उत्तररात्रीपर्यंत चालत, ते लोक ऐकत होते म्हणून. आताची फर्माइश ऐकण्याआधी येते. गायक मारवा मांडत असताना चिठ्ठी पोचते आणि तिच्यावर चाळीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटमधल्या अभंगाचं नाव असतं. त्याने मारवा थांबवून अभंग घेतला की पहिल्या ओळीला टाळ्या पडतात, दुसऱ्या ओळीला निकाल लागतो: कॅसेटसारखं नाही झालं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे म्हणणारा माणूस समोरच्या गायकाला ऐकतच नसतो. तो आपल्या खिशातलं जुनं ध्वनिमुद्रण ऐकत असतो आणि समोरच्या माणसाला त्याची नक्कल करायला सांगत असतो. नक्कल थोडी चुकली की गुण कापतो. ध्वनिमुद्रण हे एका दिवसाचं गाणं. बालगंधर्वांच्या काळातल्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. रात्रभर नाट्यगृहात रंगणाऱ्या पदाचा तेवढाच तुकडा आपल्यापर्यंत आला. त्या तुकड्यावरून आपण पूर्वीचा आवाज ठरवतो आणि जिवंत माणसाला त्याच्याच तरुणपणाशी भांडायला उभं करतो.

वयाने आवाज बदलतो. श्वास आखूड होतो, वरचा षड्ज जड जातो, पट्टी काळी पाचवरून खाली आणावी लागते. हे शरीराचं काम आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण जाणता गायक तिथे थांबत नाही. लांब तानेच्या जागी तो दोन स्वरांमधली अशी जागा दाखवतो जी तिशीत त्याला दिसलेलीच नव्हती. शब्द उच्चारण्याआधी थांबतो आणि त्या थांबण्यात अर्थ भरतो. मल्लिकार्जुन मन्सूर 1910 साली जन्मले आणि 1992 मध्ये गेले. सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्या मैफलींना जे तेज होतं त्याबद्दल ऐकणारे आजही भरभरून बोलतात. उतारवयात बालगंधर्वांच्या पायांनी साथ सोडली तेव्हा ते बसून भजनं गात, आणि लोक ऐकायला जात. त्या लोकांना 1911 मधला, 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाचा आवाज आता मिळणार नाही हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. ते असलेल्या आवाजासाठी गेले होते.

हा रोग शास्त्रीय गाण्याच्या श्रोत्यांपुरता नाही. जळगाव, धुळे, शिरपूरच्या कॉलेजांतून शिकून पुण्या-मुंबईला नोकरीला लागलेली आपली मुलं रॉकच्या मैफलींना जातात, महागडी तिकिटं काढून जातात, आणि तोच निकाल इंग्रजीत घेऊन येतात. 17 मे 2025 ला मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन' रोझेस वाजले. त्यांचा गायक अ‍ॅक्सल रोझ तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. ज्या गाण्यांवरून मुलं त्याला जोखत होती ती 1987 च्या पहिल्या अल्बममधली, म्हणजे त्याच्या पंचविशीतली. त्रेसष्टाव्या वर्षी पंचविशीची किंकाळी मागणं हा अन्याय आहे, मग ती भाषा कुठलीही असो.

रॉकवाल्यांनीही आपल्या बुजुर्गांसारखाच मार्ग काढलेला आहे. 10 डिसेंबर 2007 ला लंडनमध्ये लेड झेपेलिन पुन्हा एकत्र आले तेव्हा त्यांचा एकोणसाठीतला गायक रॉबर्ट प्लँट याच्यासाठी काही गाणी मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा खालच्या पट्टीत घेतली गेली. गाणं त्यामुळे कमी झालं नाही; भारदस्त झालं. एप्रिल 2003 मध्ये रोलिंग स्टोन्स मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर आले तेव्हा त्यांचा गायक मिक जॅगर साठीच्या उंबरठ्यावर होता आणि आता याचं किती दिवस, असं तेव्हाही बोललं गेलं. 2024 साली, ऐंशी पूर्ण करून, तो अमेरिकाभर दौरा करत होता.

वय माणसाला गाठतं, तसा नियम जागेला गाठतो. मुंबईच्या रंगभवनात, जिथे 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरायचा, शांतता क्षेत्राच्या नियमामुळे असे कार्यक्रम बंद पडले. जागा जातात, माणसं जातात. म्हणून समोर आहे तोवर नीट ऐकण्याला महत्त्व आहे.

आपल्या खानदेशाला हे जास्त कळायला हवं, कारण आवाजाच्या इतिहासात आपला वाटा आहे. नारायण राजहंस या मुलाने लहानपणी गाण्याचे धडे घेतले ते जळगावात, मेहबूबखाँ यांच्याकडे. त्याच मुलाला पुढे महाराष्ट्राने बालगंधर्व म्हटलं. त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह जळगावात आहे, आणि वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान दर वर्षी जानेवारीत बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव भरवतं. छोट्या शहरात असा महोत्सव वर्षानुवर्षं चालवणं सोपं नाही. त्यामागच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. तिकडे धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं थाळनेर हे माई मंगेशकरांचं माहेर. म्हणजे लता मंगेशकर आणि आशा भोसले यांचं आजोळ. आशाताईंनी 8 सप्टेंबर 2023 ला, नव्वदाव्या वाढदिवशी, दुबईत रंगमंचावर उभं राहून गाणी म्हटली. त्या वयात आपल्या घरातली माणसं जिना चढायला आधार मागतात. अशा वेळी सूर जरा हलला की नाही हे मोजत बसणाऱ्या माणसाला मी रसिक म्हणणार नाही.

मत देऊ नये असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे मैफल सभागृहात संपत नाही; थंडीत भरीत-पुरीच्या पंगतीला ती पुन्हा मांडली जाते आणि तो आपल्या जगण्यातला एक मोठा आनंद आहे. उद्या एखादा मोठा गायक तयारी न करता आला, वेळ मारून नेऊन गेला, तर तसं स्पष्ट बोललंच पाहिजे. वय हे आळसाला पांघरूण नाही. पण त्या बोलण्याला आधी ऐकण्याची कमाई लागते. कोणता राग होता, बंदिशीचं काय केलं, लय कुठे वाढवली, कुठे मुद्दाम राखली, यांतलं काहीतरी सांगता आलं पाहिजे. 'पूर्वीचं राहिलं नाही' हे सांगायला तिकीट काढायचीसुद्धा गरज नसते.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या रसिकांना आणि आयोजकांना माझी विनंती आहे. सत्कार मध्यंतरात घ्या, आणि थोडे घ्या. गायकाला साउंडची तपासणी करायला दुपारी अर्धा तास द्या, आणि तेव्हा साउंडवाल्याला त्याच्याशेजारी बसवा. पत्रिकेवर सहा छापले तर सहाला तानपुरा वाजू द्या. दोन कार्यक्रम रिकाम्या खुर्च्यांपुढे सुरू झाले की तिसऱ्याला लोक वेळेवर येतील. फोन बंद करा. पुडी बाहेर संपवून या. भैरवी संपेपर्यंत बसा. गाडी दहा मिनिटं उशिरा निघाली तरी घर तिथेच असतं. आणि ज्येष्ठ कलावंत समोर बसला असेल तेव्हा खिशातलं जुनं ध्वनिमुद्रण खिशातच राहू द्या. ते घरी हवं तेव्हा ऐकता येईल. हा माणूस आज रात्रीपुरताच आपल्या गावात आहे.