कंट्रोलर नाना

नाना एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्यातला कंट्रोलर मात्र अजून ड्यूटीवर आहे. श्रीहरिकोट्याहून रॉकेट सुटायचं असलं की आंघोळ उरकून, हातात घड्याळ धरून ते टीव्हीसमोर बसतात. "नऊ अठ्ठावीस म्हणजे नऊ अठ्ठावीस! आमची पंढरपूर कधी वेळेवर सुटली का?" हे ते आम्हाला विचारतात. पंढरपूर सोडणारे तेच होते.

15 फेब्रुवारी 2017 हा त्यांचा सोन्याचा दिवस. पीएसएलव्ही-सी37, एका फेरीत 104 उपग्रह! 714 किलोचा कार्टोसॅट, इस्रोचेच आणखी दोन छोटे आणि 101 परदेशी. त्यांतले 96 एकट्या अमेरिकेचे. "सगळे फुल तिकीटवाले," नाना हात चोळत म्हणाले. जणू संध्याकाळचा भरणा त्यांनाच करायचा होता.

रॉकेट उडालं की लोक टाळ्या वाजवतात. नाना वाजवत नाहीत. "सुटली म्हणजे पोचली नव्हे." एकेक टप्पा जळून गळून पडतो, तसे ते बोट मिटतात. पण त्यांचा खरा जीव अडकलेला असतो उतरवण्यात. त्या दिवशी पाचशे किलोमीटरवर आधी कार्टोसॅट, मग घरचे दोघे, मग पेट्यांत बसवलेले बारके. स्प्रिंगच्या धक्क्याने, एकमेकांवर आदळू नयेत म्हणून दिशा आणि वेळ राखून एकेक बाहेर. त्या वेळी नानांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मुलाच्या लग्नातही दिसलं नव्हतं. "दारात एकजण गर्दी करत नाही, बघा!"

त्याआधी, 2016 च्या जूनमध्ये, पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी बनवलेला 'स्वयम्' उपग्रह गेला, तेव्हा त्यांनी चाळभर पेढे वाटले होते. वजन जेमतेम किलोभर. "मांडीवर बसून गेला हो!"

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, रिकामी गाडी डेपोत कधी येते?"

येत नाही, चौथा टप्पा वरच फिरत राहतो आणि शेवटी वातावरणात शिरून जळून जातो, असं मी सांगितलं. नानांचा चेहरा पडला. गाडी जमा नाही, लॉगशीट नाही, डिझेलचा हिशेब नाही! पण इस्रोला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नाहीत, अगदी त्यांनी स्वतः ठेवलेलीसुद्धा.

"एकेरी फेरी आहे ती," ते नातवाला दरडावून म्हणाले. "भाडं जाऊन-येऊन घेतलं असणार!"