न निघालेल्या फोटोंसाठी झूम लेन्स

नव्या डीएसएलआरचं खोकं उघडून आठवडा झाला की होतकरू फोटोग्राफरला एक प्रश्न पडतो: आता लेन्स कुठली घ्यायची? या प्रश्नावर आजवर जेवढं म्हणून मार्गदर्शन झालं, ते एका भाबड्या समजुतीवर उभं आहे. लेन्स फोटो काढण्यासाठी घेतात, ही ती समजूत. मग फोटो काढण्यासाठी घेतलेल्या इतक्या लेन्सेस कपाटात का पडून असतात, याचा उलगडा त्या मार्गदर्शनातून होत नाही. झूम लेन्स ही फोटो न निघण्याचं सबळ कारण म्हणून घेतली जाते, एवढं एकदा मान्य केलं की मात्र सगळा व्यवहार लख्ख दिसू लागतो. ‘माझे फोटो चांगले येत नाहीत’ ही तक्रार माणसाची असते. ‘लेन्स कमी पडते’ म्हटलं की ती काचेची होते, आणि काच दुकानात मिळते. तेव्हा निवडीची पहिली कसोटी ही, की या लेन्समुळे कोणती सबब हाती येईल आणि ती किती वर्षं टिकेल.

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ या कसोटीवर फारच लेचीपेची ठरते. लहान सेन्सरचा दीडपट हिशेब धरला तर निकॉनवर ती फिल्मच्या काळातल्या साधारण २७ ते ८२ एमएमचं काम करते. कॅननवर गुणक १.६, म्हणजे थोडी पुढे. एवढ्या पल्ल्यात वाड्याचा चौक मावतो, जेवणाची पंगत मावते, आजीचा चेहराही मावतो. वजन पाव किलोच्या आत. अशा लेन्सबद्दल कुरकुर करायला जागाच कमी, म्हणून नवखा माणूस पहिल्या महिन्यात ‘हिला झूम कितीचा?’ या प्रश्नाचा आधार घेतो. तीन एक्स, असं उत्तर आलं की त्याचा चेहरा पडतो, कारण शेजारच्या काकांच्या निकॉन कूलपिक्स पी ९०० वर ८३ एक्स लिहिलेलं असतं. एक्स म्हणजे लेन्सच्या मोठ्या आकड्याला लहान आकड्यानं भागून आलेलं उत्तर. किती लांबचं दिसेल याचा त्याच्याशी थेट संबंध नाही. याच भागाकारानं, लग्नाचे फोटोग्राफर जी ७०-२०० एफ/२.८ जिवापाड जपतात ती तीन एक्ससुद्धा भरत नाही, २.८६ वर अडते. किट लेन्स ३.०६ घेऊन तिच्या पुढे. हा भागाकार होतकरूनं स्वतः करू नये. पाचवीचं गणित आहे, चुकून बरोबर येईल.

‘लांबचं येत नाही’ ही सबब पक्की झाली की दुसऱ्या लेन्सचा मुहूर्त येतो. कॅननवाल्यासमोर सहसा दोन पर्याय असतात, ५५-२५० आणि ७५-३००. पहिल्या लेन्सच्या आयएस एसटीएम आवृत्तीत हाताची थरथर सावरणारी यंत्रणा आहे, फोकस चपळ आहे आणि चित्र तिच्या किमतीच्या मानानं उत्तम कातीव येतं. दुसरीची तिसरी आवृत्ती १९९९ सालची. तिच्यात थरथर सावरायची सोय नाही आणि ३०० च्या टोकाला चित्र मऊ पडतं. पण ३०० हा आकडा २५० पेक्षा मोठा आहे. आपल्या उद्दिष्टासाठी अर्थातच ७५-३०० श्रेयस्कर. ‘थोडं हललंय, पण तीनशे एमएम आहे बरं का’ या एका वाक्यावर दोन-तीन वर्षं सहज निघतात.

इथे एखादा चिकित्सक विचारील की पन्नास एमएम जास्त मिळाले तर पक्षी मोठा नाही का दिसणार? दिसेल ना. दहा मीटरवर बसलेली पंधरा सेंटिमीटरची चिमणी घ्या. २५० एमएमला तिची छबी सेन्सरवर पावणेचार मिलिमीटर पडते, ३०० ला साडेचार. कॅननचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद. म्हणजे जास्तीच्या पन्नास एमएमनी पाऊण मिलिमीटरची कमाई करून दिली. आता तोच माणूस २५० घेऊनच, न धसमुसळता, पाच मीटरपर्यंत सरकला तर चिमणी साडेसात मिलिमीटर होते, नव्या लेन्सशिवाय. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला जाणारे पहाटे नावेत बसतात ते उगाच नाही. ऊन चढल्यावर पाण्यावरून उठणारी गरम हवा लांबच्या फोटोत अशी काही डुगडुगते की सहाशे एमएमसुद्धा हात टेकतात. फोटोग्राफीचा शोध जगाला कळला १८३९ साली आणि फोइग्टलेंडरची ३६-८२ ची झूमार, स्थिरचित्रांच्या ३५ एमएम कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम लेन्स, आली १९५९ मध्ये. मधली एकशेवीस वर्षं लोक छायाचित्राचा विषय लहान वाटला तर लेन्स बदलत किंवा चार पावलं पुढे जात. बिचाऱ्यांना यांत्रिक सबब उपलब्ध नव्हती. तुम्हाला आहे, पायांना उगाच शीण देऊ नये.

लांबच्या पल्ल्याची लेन्स तिचं खरं तेज दाखवते ती मंगल कार्यालयात. मंगलाष्टकं संपत आली आहेत, अंतरपाट खाली येतोय, अक्षतांचा मारा होतोय, आणि आपण मागच्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून २५० एमएमला वधूचा चेहरा टिपतोय. २५० च्या टोकाला हिची झडप एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. कार्यालयातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात, आयएसओ १६०० ठेवून, एफ/२.८ ला जिथे १/१२५ सेकंदाचा शटर मिळतो तिथे एफ/५.६ ला १/३० मिळेल, कारण प्रकाश चौथा हिस्सा येतो. हातात धरून काढायचं तर जुना ठोकताळा सांगतो, २५० गुणिले १.६ म्हणजे ४००, तेव्हा शटर १/४०० च्या आसपास हवा. थरथर सावरणारी यंत्रणा ही तूट बरीचशी भरून काढते, पण ती आपल्या हाताची थरथर सावरते, वधूची नव्हे. परिणामी मागचा झेंडूच्या माळांचा पडदा सुबक येतो, त्यातलं फूल न् फूल मोजून घ्यावं, आणि त्याच्यापुढे दोन फिकट ढग एकमेकांना हार घालताना दिसतात. असा फोटो घरच्यांना दाखवताना ‘लाइट कमी होता’ म्हणावं. हे खरंही आहे, आणि खऱ्या सबबीला तोड नाही.

यावर सुज्ञांचा आक्षेप ठरलेला असतो: मग एफ/२.८ ची ७०-२०० का घेऊ नये? अवश्य घ्यावी, ऐपत असेल तर आजच. पूर्ण आकाराची अशी लेन्स भरते दीड किलोच्या आसपास. निकॉन डी ३५०० ची बॉडी बॅटरी-कार्डासकट ४१५ ग्रॅम. थोडक्यात, लेन्सला कॅमेरा लटकवून फिरायचं. पहिल्या रविवारी ती सिंहगडावर जाते, दुसऱ्या रविवारी गाडीच्या डिकीत राहते, तिसऱ्यापासून घरी. ‘एवढं वजन कोण नेणार’ ही सबब इतर सर्व सबबींहून भारदस्त, कारण ती हातात देऊन पटवता येते. नेलीच तर हूड उलटा चढवलेला असू द्यावा. फोटो काढतानासुद्धा. त्यानं ऊन अडत नाही आणि झूमची रिंग अर्धी झाकली जाते, पण लेन्स आहे त्याहून महाग दिसते.

दुसरा आक्षेप काटकसरी मंडळींचा. सगळं एकातच करणारी १८-३०० घेतली की लेन्स बदलायची कटकट मिटली, असं ते म्हणतात. प्रवासाला, धुळीत, लेकरू काखेत असताना ही लेन्स खरोखर सोयीची आहे, हे कबूल करायला हवं. पण २०१२ साली आलेली निकॉनची १८-३०० आठशे तीस ग्रॅमची आहे, १८ ला भिंतींना बाक आणते, ३०० ला मऊ पडते, आणि जवळच्या वस्तूवर फोकस केला की तिचे तीनशे एमएम प्रत्यक्षात बरेच कमी भरतात. म्हणजे एका खरेदीत चार सबबी. काटकसरीचं नाव घेणाऱ्यांनी याहून स्वस्त सौदा शोधून दाखवावा. राहता राहिले ते लोक, जे १८-५५ आणि ७०-३०० यांच्या मधली पंधरा एमएमची फट बुजवायला तिसरी लेन्स शोधतात. दहा फुटांवर उभ्या असलेल्या माणसानं सव्वादोन फूट पुढे झालं की ती फट बुजते. त्यांना हे सांगू नये.

निकॉनच्या होतकरूला मात्र दैवानं जास्तीची देणगी दिली आहे, ती अक्षरांची. डी ३००० आणि डी ५००० या मालिकांमधल्या बॉडींत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. सेकंड-हँड बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या ७०-३०० वर नुसतं एएफ लिहिलेलं असतं. शेजारच्या महाग लेन्सवर एएफ-एस. एका एस-साठी एवढे पैसे कशाला, असं म्हणून पहिली घ्यावी. ती बॉडीवर चपखल बसेल, फोटोही काढेल, फक्त फोकस हातानं करावा लागेल, आणि तोवर खंड्या मासा पकडून, गिळून, दुसऱ्या फांदीवर गेलेला असेल. याच्याही पुढची पायरी म्हणजे नवी एएफ-पी लेन्स जुन्या डी ३१०० वर लावणं. तिथे हातानंसुद्धा फोकस होत नाही. इतकी निर्दोष सबब दुसऱ्या कुठल्या कंपनीनं दिल्याचं दिसत नाही.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. काही खडूस माणसं म्हणतात, नवी लेन्स घेण्याआधी सहा महिने किट लेन्सनंच काढा आणि मग कॉम्प्युटरवर बघा, कोणता फोटो किती एमएमला निघाला ते. प्रत्येक फाइलमध्ये ती नोंद आपोआप होते. बहुतेकांचे दोन ढीग पडतील, एक १८ वर आणि एक ५५ वर. पंचावन्नचा ढीग मोठा, आणि त्यातले फोटो पुन्हा कापून मोठे केलेले असतील, तर ५५-२५० घ्यावी. अठराचा ढीग मोठा असेल तर लांबचं नव्हे, रुंद कोनाचं काही हवं. कॅननच्या १०-१८ सारखं. आणि दोन्ही ढिगांत घरातले, रात्रीचे, हललेले फोटो जास्त असतील तर झूमचा नाद सोडून एफ/१.८ ची ३५ किंवा ५० घ्यावी, कारण ती एफ/५.६ च्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. या सल्ल्यात खोट काढता येत नाही, हीच त्याची मोठी खोट. तो पाळणाऱ्याच्या हाती शेवटी एक गरजेची लेन्स आणि सहा महिन्यांचे फोटो उरतात. सबब एकही नाही. शिवाय त्या फोटोंत आपण कुठे उभे होतो हेही दिसतं, आणि बहुतेक वेळा आपण फार लांब उभे असतो. ही नोंद उघडूच नये.

खरेदी जूनच्या पहिल्या आठवड्यात उरकावी. मुंबईत किंवा कोकणात लेन्स कापडी बॅगेत घालून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली, तर गणपतीपर्यंत आतल्या काचेवर कोळिष्टकासारखी नाजूक बुरशी धरण्याची चांगली आशा असते, आणि एकदा ती आतल्या काचेवर धरली की बाहेरून पुसून जात नाही. ‘फंगस लागलंय’ म्हटल्यावर पुढे कोणी काही विचारत नाही. हे टाळायला महाग कपाट लागतं अशी अफवा आहे. प्रत्यक्षात घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या चार पुड्या पुरतात. खडे रंग बदलले की तव्यावर कोरडे करून पुन्हा टाकायचे. असा डबा घरात आढळल्यास त्यातले पापड काढू नयेत.