मु. पो. जावळी, व्हाया कोपरखैरणे

मेढ्याच्या बाजारपेठेत उभं राहून तुम्ही आसपासच्या एखाद्या गावातल्या माणसाची चौकशी केलीत, तर लोक आधी तुमच्याकडं कीव आल्यासारखं बघतात आणि मग मुंबईच्या एसटीची वेळ सांगतात. केळघर खोऱ्यातलं गाव घ्या, बामणोलीकडचं घ्या, नाहीतर करहर-कुडाळ भागातलं घ्या. गावात राहतात ती कुलपं. माणसं तिकडं. कुलपांना गंज लागू नये म्हणून माझ्यासारखे चार जण मागं ठेवलेत, आणि आम्हाला गावकरी म्हणण्याची पद्धत आहे.

गेल्या साली वाटणीपत्राचं निघालं. सातबाऱ्यावर सामाईक नावं, आजोबांच्या काळापासून कुणी हात लावलेला नाही. तलाठी मेढ्यात, जमीन डोंगरात आणि खातेदार घणसोली, ऐरोली, कामोठे, भांडुप, विरार असे रेल्वेच्या तिन्ही मार्गांवर पसरलेले. सह्या गोळा करायच्या तर वाटाड्या हवा. म्हणून मी कोपरखैरण्याला तात्यांकडं जाऊन राहिलो.

तात्या माझे चुलते. तरुणपणी दाणाबंदरात हमालांच्या टोळीत लागले. घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानं वाशीला गेला, तसे तेही खाडी ओलांडून आले. पुढं माथाडींच्या वसाहतीत, तीन टाकीच्या अलीकडं, घर मिळालं. मुलगा शिकला, टोळीत आला नाही. तात्या निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून त्यांना जेवायला फुरसत नाही. म्हणजे घरी जेवायला. बाहेर जेवण भरपूर होतं.

त्यांची एक डायरी आहे, कुठल्याशा पतसंस्थेनं दिलेली. तारखेपुढं कार्यक्रम, त्याच्यापुढं स्टेशन आणि अगदी शेवटी एक अक्षर. ‘जे’ म्हणजे जेवण, ‘ना’ म्हणजे नाश्ता, ‘च’ म्हणजे नुसता चहा. मंडळाचा वर्धापन दिन, ठाणे, जे. दहावीच्या मुलांचा गुणगौरव, भांडुप, ना. वधू-वर मेळावा, सानपाडा, ना. सत्यनारायण, घणसोली, जे. एका नोंदीपुढं ‘च’ लिहून वर फुली मारलेली होती. विचारलं, तर म्हणाले, “त्येंच्याकडं आता जायाचंच न्हाय. मागल्या टायमाला च्या बी आला न्हाई, भाषान मातुर दोन तास.”

जवळपास सगळ्या नोंदी रविवारच्या. मेगाब्लॉकही रविवारीच असतो. रेल्वेनं रुळांची डागडुजी रविवारी ठेवली आणि आमच्या तालुक्यानं साखरपुड्यापासून शोकसभेपर्यंत सगळं रविवारीच ठेवलं. दोघांपैकी मागं हटायला कुणी तयार नाही. त्यामुळं तात्यांच्या रविवारचा मोठा भाग फलाटावरच जातो. पण त्याचं त्यांना दुःख नाही, कारण फलाटावरही आमचीच माणसं असतात. पांढरी टोपी दिसली की तात्या दुरूनच हाक मारतात, “कुठलं म्हनायचं पाव्हनं?” उत्तर केळघर, कुसुंबी नाहीतर सायगाव असं येतं. मग गाडी सुटली तरी हरकत नाही.

काकींची स्वतंत्र मोहीम असते ती संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. त्या काळात त्या घरी कमी आणि ट्रान्स-हार्बरवर जास्त सापडतात. हळदीकुंकवाची वाणं त्यांनी एका गोणीत भरून ठेवलीत. त्यात चहाच्या गाळण्याच इतक्या आहेत, की तालुक्याचा चहा एका वेळी गाळून होईल. जाताना मला एक दिली. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, “न्हे की रं, पुढल्या साली पुन्हा ह्याच येनार हायती.”

तात्यांना मुंबई किती माहीत आहे म्हणता? सगळी. फक्त ती नकाशात असते तशी माहीत नाही. त्यांच्या लेखी भांडुप म्हणजे आमची वरची आळी, घणसोली म्हणजे खालची आळी आणि कामोठं म्हणजे धाकट्या आत्याचं घर. ज्यांच्याशी भावकीत बोलणं नाही ते विरारला. आमच्याशी भांडून माणूस एवढ्या लांब गेला, की जागा तिकडं स्वस्त मिळाली म्हणून, यावर दोन मतं आहेत. राणीच्या बागेत ते एकदा गेले होते, कारण तिथं बाहेर एका मुलीकडची माणसं भेटायची ठरली होती. प्राणी बघितले नाहीत. स्थळही जमलं नाही.

नवी बांधकामं मात्र तात्या आवर्जून बघतात. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. एकवीस किलोमीटरच्या वर लांबीचा पूल, खाली समुद्र, गाडीला जायचा टोल अडीचशे. आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाच्या खजिनदारांनी त्यांच्या गाडीतून सगळ्यांना नेलं. शिवडीकडून न्हाव्याकडं जाईपर्यंत गाडीत गावच्या विहिरीवरच्या मोटारीचा विषय चालू होता: कुणी जाळली, भरपाई कुणी द्यायची. पूल संपत आला तेव्हा तात्यांनी काचेतून बाहेर बघितलं आणि म्हणाले, “आपल्या बामनोलीच्या शिवसागरागतच दिसतंय की. फकस्त आपलं पानी गोडं.” अडीचशे रुपयांचा हिशेब तिथंच मिटला.

भुयारी मेट्रोतूनही ते जाऊन आले. दादरला एकाचा सत्कार होता. सरकत्या जिन्यानं खाली, आणखी खाली, पुन्हा खाली. तात्यांनी सोबतच्या पोराला विचारलं, “एवढं खनलं आनि पानी कसं लागलं न्हाई?” त्यानं काचेच्या दारांचं, गार हवेचं कौतुक करायला सुरुवात केली. तात्यांना ती मेट्रो पटलेली नाही. खाली रेंज जाते, आणि तेवढ्या वेळात गावाकडचं कुणी गेलं तर कळायचं कसं?

एका जागी मात्र तात्या बोलत नाहीत. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळ्यांचा पुतळा आहे. ओंबळे आमच्या तालुक्यातल्या केडंब्याचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली, अंगावर गोळ्या घेतल्या, आणि कसाब जिवंत हाती लागला. मागाहून अशोकचक्र मिळालं. पुतळ्यासमोर तात्या टोपी काढतात आणि उभे राहतात, बस्स. मी ते बघितलंय आणि त्यावर विनोद करायची माझी छाती नाही.

विनोद मंडळानं केलाय. मंडळाच्या प्रत्येक बॅनरवर ओंबळ्यांचा फोटो वरच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा असतो आणि मधोमध कार्याध्यक्ष, हात जोडून, पुरुषभर उंच. तात्यांनी एका सभेत उभं राहून याची विचारणा केली. सभेत शांतता पसरली. पुढच्या बॅनरवर सुधारणा झाली: कार्याध्यक्षांच्या शेजारी तात्यांचाही मोठा फोटो आला. तेव्हापासून तात्यांनी तो विषय काढलेला नाही.

आमचा तालुका असा मुंबईला का गेला, याला इतिहास आहे आणि तो हसण्यासारखा नाही. १६५६ साली शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली. ती आम्ही पुढच्या पिढ्यांनी मुंबईला देऊन टाकली. देणार नाही तर काय? डोंगरउतारावरची वावरं, भात आणि नाचणी, पाऊस उदंड आणि उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी वणवण. कोयनेच्या धरणात खोऱ्यातली गावंच्या गावं गेली. गिरणगावात एकेका गावाची खोली असायची, तिला गाळा म्हणत. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच्याच पथारीवर रातपाळीवाला पडायचा. भिंतीला खुंट्या, खुंटीखाली ट्रंक, आणि ट्रंकेवर गावाचं नाव. गिरणीत ज्यांचं जमलं नाही ते मशीद बंदरला पाठीवर पोती वाहायला लागले. पोत्याला मजुरी किती, ते पेढीवाला सांगेल तेवढी. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी या पाठींची संघटना केली, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाला बोर्ड आला, हजेरी आली, भविष्यनिर्वाह निधी आला. दर २५ सप्टेंबरला त्यांच्या जयंतीचा मेळावा असतो. तात्यांच्या डायरीत त्या तारखेपुढं कुठलंच अक्षर नसतं. जेवण असो नसो, ते जातातच.

तेव्हाचं मंडळ म्हणजे विमा कंपनी होती. नवा पोरगा आला की त्याला गाळ्यात जागा आणि टोळीत ओळख. कुणी आजारी पडलं तर गाडीभाडं. कुणी गेलं तर मयत गावी न्यायची सोय. देवळावर पत्रा, शाळेला घंटा. चार आण्यांच्या वर्गणीत हे सगळं बसत होतं. आता रुग्णवाहिका फोनवर येते, नोकरी संगणकावर शोधतात आणि गाळ्याच्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत. मंडळाला करायला काम उरलेलं नाही; पण अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्षांची रांग, सरचिटणीस, खजिनदार, हिशेबतपासनीस आणि सल्लागार एवढे सगळे उरलेत. त्यांचं काय करायचं? म्हणून सत्कार. यंदा ज्यांनी सत्कार केला त्यांचा पुढच्या वर्षी होतो.

आणि पत्रिका! यात्रेच्या पत्रिकेचं प्रूफ तपासायचं काम तात्यांकडं असतं. मी गेलो तेव्हा ते भिंग घेऊन बसले होते. आर्ट पेपर, चार घड्या, वर देव आणि खाली माणसं. देवाला एक ओळ, माणसांना साडेतीन पानं. मी म्हटलं, पालखीची वेळ चुकलीय, सकाळच्या जागी संध्याकाळ छापलंय. तात्या भिंग न उचलता म्हणाले, “वेळंला कोन इचारतंय? हितं नावं खालवर झाली तर मंडळ फुटंल.” ते खरंच आहे. आमचं मंडळ मागं असंच फुटलं. एकाचं नाव ‘विशेष सहकार्य’मधून ‘सहकार्य’मध्ये गेलं, त्यानं नवं मंडळ काढलं. आता दोन वर्धापन दिन, दोन हळदीकुंकू आणि क्रिकेटचे दोन चषक. तात्या दोन्हीकडं जातात. ज्याच्या पुढं ‘जे’ आहे तिकडं आधी.

एवढ्या गोतावळ्यात तात्यांचा शेजारी कोण, हे मात्र मला कळू शकलं नाही. भिंतीला भिंत लागून, दार समोर. मी विचारलं. तात्यांनी काकींकडं बघितलं, काकींनी तात्यांकडं. “चांगला हाय,” तात्या म्हणाले, “त्येचा आवाज न्हाय.” गेली कित्येक वर्षं आवाज नाही म्हणून तो चांगला.

नातवाचं उलट आहे. तो ऐरोलीच्या आयटी पार्कात आहे, त्याला शेजारपाजारचे, कचेरीतले, जिममधले सगळे ठाऊक. कुणी गाव विचारलं तर नवी मुंबई सांगतो. गेल्या सप्टेंबरात तो मित्रांना घेऊन कासला फुलं बघायला आला. आगाऊ बुकिंग केलं, रिसॉर्टात उतरला, तेरड्याच्या गुलाबी ताटव्यात उभं राहून फोटो काढले आणि ‘कुणाला माहीत नसलेली जागा’ असं लिहून टाकले. मेढ्यावरूनच गेला म्हणे. खाली मी होतो, घराची किल्ली माझ्या खिशात होती. तात्यांनी त्या फोटोला हात जोडलेलं चित्र पाठवलं. तेच ते शोकसभेच्या निरोपाला पाठवतात.

चैत्रात यात्रा असते तेव्हा गाव दोन दिवस भरतं. खंबाटकी घाटात गाड्यांची रांग लागते आणि तिथंच अर्ध्या तालुक्याची भेट होऊन जाते. काही जण तर तिथंच भेटीगाठी उरकून परत फिरले असते तरी चाललं असतं. गावात आले की आधी रेंज नाही म्हणून बोलतात, मग पाणी नाही म्हणून, मग रात्री देवळासमोर गावाच्या विकासावर सभा घेतात. मागल्या सभेत कमान मंजूर झाली. ती उभी राहिली. देणगीदारांची नावं वाचता वाचता माणूस रस्ता संपेपर्यंत चालत जाईल म्हणावं, तर रस्ता कमानीपाशीच संपतो.

माझ्या सह्यांचं विचाराल, तर तात्यांनी मला प्रत्येक दारात नेलं, प्रत्येक ठिकाणी चहा झाला, प्रत्येकानं कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि प्रत्येक जण म्हणाला, “यात्रेला गावात येतोयच, तवा करू.” यात्रेला कागद काढला, तर तेच म्हणाले, “आरं, इथं कुठं गर्दीत? मुंबईला ये निवांत.”

शेवटी निवांत म्हणून मी सगळ्यांना मंडळाच्या वार्षिक सभेतच गाठलं. हॉल नवी मुंबईतला, डायरीत ‘जे’. विषयपत्रिकेवर एकूण अकरा विषय, त्यातले नऊ सत्कार. दहावा विषय होता मंडळाचा विस्तार. सरचिटणीस उठून म्हणाले, मंडळाच्या शाखा ठाण्यात आहेत, पनवेलला आहेत, पुण्यात होऊ घातली आहे. एकाच ठिकाणी आपला पाय अजून रोवलेला नाही. ते ठिकाण म्हणजे आपलं गाव. तिथंही मंडळाची शाखा व्हावी. टाळ्या पडल्या. सूचक तात्या, अनुमोदक विरारची भावकी. एवढ्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

शाखाप्रमुख म्हणून माझं नाव पुकारलं. शाल आली, नारळ आला, फोटो झाला. अकरावा विषय जेवणाचा होता, त्यामुळं वाटणीपत्र पिशवीतच राहिलं. पंगतीत बसण्याआधी खजिनदारांनी मला बाजूला घेतलं, पावतीपुस्तक काढलं आणि पाचशे रुपयांची पहिली पावती माझ्याच नावावर फाडली. सभासदाचा प्रकार या रकान्यापाशी ते क्षणभर थांबले, पेनाचं टोपण चावलं आणि लिहिलं: बाहेरगावचे.