प्लेटमागचे सर

वसईतला सॉफ्टबॉलचा प्लेट अंपायर एरवी कुठल्या तरी शाळेत पीटीचा मास्तर असतो. सामना सकाळी नऊचा असला तर त्याची धावपळ आदल्या रात्रीच सुरू होते. मास्क, चेस्ट गार्ड, लेग गार्ड, पुढे पोलादी टोपी असलेले बूट, बॉलची पिशवी, बॉल-स्ट्राइक मोजायचा इंडिकेटर असं सगळं पलंगावर मांडून तो हजेरी घेतो. नेहमी गैरहजर असतो तो ब्रश.

"अहो, देवघरात बघा. केस मऊ आहेत ना त्याचे!"

होम प्लेट झाडायच्या ब्रशानं देव झाडले जातात, यावर रागवायचं तरी कसं? सर मुकाट्यानं देवघरात जातात.

सकाळी शेअर रिक्षात मांडीवर मास्क घेऊन बसले की शेजारचा विचारतो, "वालीव इंडस्ट्रियल एरियात कुठल्या गाळ्यात?" सर एका गाळ्याचा नंबर ठोकून देतात. पूर्वी ते खरं सांगायचे. पण सॉफ्टबॉल म्हटलं की "म्हणजे बेसबॉलच ना?" इथपासून सुरुवात व्हायची आणि 1887 साली शिकागोत बॉक्सिंगचा हातमोजा गुंडाळून पहिला बॉल कसा झाला इथपर्यंत सर पोचेस्तोवर समोरच्याचा स्टॉप येऊन जायचा. वेल्डर म्हणवून घेणं सोयीचं पडतं.

मैदानावर अर्थातच टेनिस क्रिकेट चालू असतं. "सर, शेवटची ओव्हर," असं सांगून पोरं चार ओव्हर काढतात. तेवढ्यात सर एका कोपऱ्यातून टेप सोडायला लागतात. दोन बेसमधलं अंतर साठ फूट, म्हणजे 18.29 मीटर. टेपचं दुसरं टोक धरलेला पोरगा कळकळीनं म्हणतो, "सर, पिच छोटी पडतेय." सर उत्तर देत नाहीत. फक्की मारणाऱ्या शिपाईमामांवर मात्र ओरडतात, कारण मामांचा हात सवयीनं क्रीजकडे वळलेला असतो.

मग लाइन-अप कार्डं येतात. कॅचरच्या नावापुढे हमखास 'विकेटकीपर' लिहिलेलं असतं. सर ते खोडून वर 'कॅचर' लिहितात, खाली सही करतात. प्रत्येक बॅटवरून हात फिरवून चीर, पोचा बघतात. मुलगी बघायला आलेला वरपिताही इतकं निरखत नसेल. दोन्ही कॅप्टनना प्लेटपाशी बोलावून मैदानाचे नियम सांगतात. बॉल हवेतून सरळ कुंपणापलीकडे गेला तर होमरन, टप्पा घेऊन गेला तर दोन बेस.

"आणि बावखलातल्या पाण्यात पडला तर?"

"सरळ पडला की टप्प्यानं, ते मी ठरवीन."

"तसं नाही सर. काढायचा कुणी?"

हा प्रश्न नियमपुस्तकात नाही. सर मामांकडे बघतात. मामा आकाशाकडे.

शेवटी प्लेट झाडणं. सतरा इंच रुंदीची ही पाचकोनी पांढरी पाटी झाडताना अंपायरनं पाठ मैदानाकडे आणि तोंड प्रेक्षकांकडे करून वाकायचं असतं. प्रेक्षकांना पार्श्वभाग दाखवायचा नाही, असा जुना शिष्टाचार आहे. जिथे हा खेळ मोठा झाला तिथे प्रेक्षक स्टँडमध्ये बसतात. आपल्याकडे ते चारी बाजूंनी उभे, काही नारळाच्या बुंध्याला टेकून, दोघे प्लेटपासून हातभर अंतरावर. सर एकदा या बाजूला वळतात, एकदा त्या बाजूला, आणि अखेर बसूनच झाडतात. मला विचाराल तर एवढी सभ्यता इंटरनॅशनल मॅचमध्येही दिसायची नाही.

मास्क चढतो. "प्ले बॉल!"

पिचरनं खालून सोडलेला पहिलाच बॉल थेट बॅटरच्या मांडीवर. कडेला ताटकळलेले टेनिसवाले एका सुरात ओरडतात, "हाऊज दॅट!"

सर मास्क वर करतात, बॅटरला पहिल्या बेसकडे जायची खूण करतात, आणि आरडाओरडा वाढल्यावर नाइलाजानं नियम समजावतात: बॉल अंगाला लागला की बॅटरला एक बेस फुकट.

टेनिसवाल्यांत क्षणभर कुजबुज होते. मग त्यांच्यातला सगळ्यात जाडा पोरगा पुढे येतो.

"सर, आमचं नाव कुठे द्यायचं?"