सोवळ्यातली थाई करी

गव्हाचा अंमल आपल्या घरात किती खोलवर पसरलेला आहे याची कल्पना, तो अंमल उठविण्याचा हुकूम एखाद्या वैद्यकीय दाखल्यान्वये हाती पडेपर्यंत, सहसा कोणास येत नाही. पोळी ही त्या राज्याची राजधानी. ती उघड्यावर वसलेली असल्यामुळे तिला वगळणे एक वेळ जमते. रवा, मैदा, शेवया आणि दलिया हे सुभेही नावानिशी ठाऊक असल्याने त्यांच्यावर टाच आणता येते. परंतु फळीवरच्या डब्याबाटल्यांच्या पाठीमागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत दडून बसलेले जे हेर असतात, त्यांचा बंदोबस्त करायचा म्हणजे भिंग घेऊन प्रत्येकाची स्वतंत्र जबानीच घ्यावी लागते.

आमच्या घरावर हा प्रसंग भाचीमुळे आला. नोकरीनिमित्त ती बँकॉकला राहत असता तेथील इस्पितळात तिला सीलिअक व्याधी असल्याचे निदान झाले. या व्याधीत गहू, जव आणि राय यांतील ग्लूटेन नामक प्रथिन पोटात गेले, की शरीराची संरक्षणव्यवस्था शत्रूऐवजी स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर चालून जाते. आणि तिला औषध असे नाही, पथ्य तेवढे आहे, तेही जन्मभराचे. गहू हाच या प्रकरणातील आरोपी, हे ठरायलाही विसावे शतक अर्धे सरावे लागले. 1924 साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास या वैद्याने अशा मुलांना केळी खाऊ घातली, मुले सुधारली, आणि सारे श्रेय केळ्यांच्या पदरात पडले. वास्तविक उपकार केळ्यांचे नसून, केळ्यांपायी ताटातून उठून गेलेल्या पावाच्या गैरहजेरीचे होते. पुढे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आला. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडून माणसे ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागली असता ही आजारी मुले मात्र सुधारू लागली, आणि पाव परत येताच पुन्हा खंगली, तेव्हा त्याचा संशय बळावला. 1950 साली त्याने आपला प्रबंध सादर करून गव्हावरील आरोप शाबीत केला. ही सारी हकिकत भाचीने मला सांगितली ती मी पोळीचा तुकडा मोडीत असताना. आणि तो तुकडा तोंडात घालावा की खाली ठेवावा, हे शिष्टाचाराच्या कोणत्याही पुस्तकात दिलेले नसल्यामुळे मी तो नुसताच हातात धरून बसलो.

ती आली ती नेमकी नवरात्रात, आणि आल्या दिवशीच तिने जाहीर केले, "मामा, उद्या मी सगळ्यांसाठी हिरवी थाई करी करते. एकदम सोपी. ग्लूटेनचा कणही नाही." या सोपेपणाच्या पूर्ततेसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी मला यादी देऊन मंडईत रवाना करण्यात आले. यादीत कोथिंबिरीची मुळे होती. पाने नव्हेत, मुळे. जन्मभर जी मुळे मी गिऱ्हाइकाच्या हक्काने तोडून टाकावयास लावली, तीच आता मागू लागल्यावर भाजीवाल्या मावशींनी प्रथम माझ्याकडे, नंतर शेजारच्या गाळ्याकडे पाहिले, आणि मोठ्या अनुकंपेने पायाशी पडलेली मूठभर मुळे फुकट दिली. यादीतले दुसरे नाव कोळिंजनाचे. हे आल्याच्या कुळातले असून थाई लोक ते ताजे वापरतात. आपल्याकडे ते वाळवून काष्ठौषधींच्या दुकानात ठेवतात आणि गवयांचा गळा बसला म्हणजे काढतात. मंडईत ताजे न मिळाल्याने मी त्या दुकानाची पायरी चढलो, तेव्हा दुकानदाराने पुडी बांधता बांधता "मैफल कधी आहे?" असे अदबीने विचारले. करीत घालायचे आहे हे सांगण्याचे धैर्य न झाल्याने मी "नवरात्रातच" असे मोघम उत्तर दिले, आणि त्याने खडीसाखरेचे चार खडे वर घातले.

गवती चहा गच्चीवरच्या कुंडीत होता. मात्र आपण त्याची पाती खुडतो आणि बुडखा राखतो, तर थाई लोक नेमके उलट करतात, म्हणजे पाती टाकून बुडाचा पांढरट, कोवळा दांडा तेवढा घेतात. मकरुत लिंबाची पाने भाचीने बँकॉकहूनच वाळवून आणली होती; एका पानाच्या टोकातून दुसरे पान फुटावे तशी ती जोडपाने दिसतात.

इथवर सगळे निर्वेध चालले. पेच पडला तो मिठाच्या जागी. थाई स्वयंपाकात खारटपणाचे काम नाम प्ला हा द्रव करतो, आणि तो सिद्ध होतो लहान मासळी मिठात महिनोन्महिने मुरवून. अस्सल नाम प्ला म्हणजे मासळी आणि मीठ, क्वचित थोडी साखर. त्यात गव्हाचा अंशही नसतो. म्हणजे भाचीच्या आतड्याला तो सर्वथा मान्य, आणि आमच्या देवघराला, तेही घट बसलेले असताना, सर्वथा अमान्य. बरे, शाकाहारी पर्याय म्हणून जो सोया सॉस सुचवितात, तो आमच्या देवघरास मंजूर. परंतु सोयाबीनबरोबर भाजलेला गहू आंबवूनच तो बहुधा करीत असल्यामुळे डॉक्टरास नामंजूर. धर्म आणि वैद्यक यांची अशी समोरासमोर गाठ पडल्यावर माझ्यासारख्या विवेकवादी मनुष्याने मध्यस्थी करावी हे ओघानेच आले, आणि मी ती करण्यासाठी घसा साफ करीत असताना माझ्या आत्याने माजघरातून निकाल दिला: "अगो, मग मीठ घाल की! मिठाला काय झालंय?"

आत्या ऐंशीच्या पुढे गेलेली, रत्नागिरीकडची, आणि सोवळ्याच्या बाबतीत तडजोड न जाणणारी. या सोवळ्याविरुद्ध मी तारुण्यात पुष्कळ भाषणे केली आहेत. ती तिने सर्व ऐकली आहेत, आणि प्रत्येक भाषणानंतर "हात धुऊन ये" एवढाच अभिप्राय दिला आहे. आता भाचीने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून आपल्या अटी वाचावयास आरंभ केला. पोळपाट-लाटणे त्या ओट्यावर नको. कारण लाकडाच्या चिरेत कणीक राहते. कणकेच्या चाळणीने दुसरे काही चाळू नये. पोळी करणाऱ्या हाताने करीचा डाव उचलू नये. डाव एका पातेल्यातून दुसऱ्यात जाऊ नये. आदल्या दिवशीचे पुसायचे फडके चालणार नाही, धुतलेले हवे. किलोभर अन्नात 20 मिलिग्रॅम ग्लूटेन, एवढीच मर्यादा कायद्याने ग्लूटेनमुक्त जिनसांना घालून दिलेली आहे, तेव्हा बोटाला लागलेले पीठही दुर्लक्षण्याजोगे नव्हे. शहरातल्या इतर नातेवाइकांकडे या अटी ऐकून म्हणे मंडळींचे चेहरे उतरत, कोणी "एवढ्याशाने काय होतंय" म्हणे, आणि एका ठिकाणी तर तिला पोळीखालचा भात पोळी बाजूला सारून वाढण्यात आला होता. आत्या मात्र शांतपणे ऐकत होती. सारे ऐकून झाल्यावर तिने एवढेच विचारले, "आणि? यात नवीन काय?"

त्यानंतरचा अर्धा तास मी स्वयंपाकघराच्या बाहेरून पाहिला, कारण सकाळी पोळी खाल्लेला इसम म्हणून मला आत मज्जाव होता. आत्याने फळीवरून उपासाची भांडी काढली. या भांड्यांना वर्षानुवर्षांत साबुदाणा, वरी, राजगिरा आणि शिंगाडा यांखेरीज कशाचा स्पर्श नाही. त्यांचा कट्टा निराळा, घासणी निराळी, ती पालथी घालण्याची पाटीदेखील निराळी. खलबत्ता उकळत्या पाण्याने धुतला गेला. भाचीने प्रत्येक गोष्ट पाहून मान डोलावली. परीक्षानळ्या आणि सूक्ष्मदर्शक यांच्या साह्याने शास्त्राने जे पथ्य अलीकडे सिद्ध केले, त्याची सारी अंमलबजावणी आमच्या घरात तयार होती, फक्त कारण वेगळे होते. त्या जुन्या कारणाची तरफदारी मी आजही करणार नाही. ते सोवळे जिवंत माणसांना दाराबाहेर उभे करीत असे, आणि त्या पापाला उतारा नाही. पण पिठाला दाराबाहेर उभे करण्यास माझी हरकत असण्याचे कारण नव्हते, आणि असती तरी ती दाराबाहेरूनच नोंदवावी लागली असती.

एकच बाका क्षण आला. करीला फोडणी नाही हे आत्याला पटेना, आणि भाची वळलेली पाहून तिने हिंगाची डबी उघडली. "थांबा, आत्याआजी!" असे ओरडून भाचीने ती डबी झडप घालून काढून घेतली व मागचा मजकूर मोठ्याने वाचला: खाण्याचा डिंक, गव्हाचे पीठ, हिंग. अफगाणिस्तानातून येणारा अस्सल हिंग इतका उग्र, की तो असा पिठात आणि डिंकात मिसळूनच बाजारात मांडतात, हे मला ठाऊक होते, आत्याला नव्हते. ती डबी उपासाच्या फळीवर नसली, तरी सोवळ्यातल्या वरणात तिचा रोजचा वावर होता. आत्याने चष्मा मागवला, तो मजकूर स्वतः वाचला, आणि ज्या स्वरात पूर्वी घरफोडीचे वृत्त सांगत त्या स्वरात म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं हा मेला कणीक घेऊन आत बसलाय?" हिंगाची त्याच क्षणी हद्दपारी झाली.

मग नारळ. कोकणातल्या बाईला नारळाचे दूध कसे काढावे हे सांगणे हा उद्धटपणा होय, तेव्हा भाचीने तो केला नाही. पहिले घट्ट दूध निराळे व दुसरे पातळ निराळे निघाले. परंतु भाचीने घट्ट दूध कढईत एकटेच ओतून मोठ्या आचेवर रटरटू दिले, तेव्हा आत्याचा जीव वरखाली होऊ लागला. आपल्याकडे नारळाचे दूध फुटले म्हणजे सुगरणीचे नाव गेले; पातळ रश्श्यात शेवटी दूध घालून तो उकळू न देण्यातच सारे कसब. थाई कृतीत मात्र ते फुटावेच लागते. कडेला बुडबुडे आले, दुधाचे कण दाटले, त्यांच्यामधून पारदर्शक तेल सुटून वर तरंगू लागले. आणि त्या तेलात भाचीने हिरव्या मिरच्या, मुळे, गवती चहा, कोळिंजन, लिंबाची साल, जिरे व मिरी यांचा कुटलेला गोळा सोडताच जो वास उठला, तो ओसरीवर मला येऊन भिडला. "पाहिलंत? हीच फोडणी," भाची म्हणाली. आत्याने कढईत डोकावून, बऱ्याच वेळाने, "हं" म्हटले. डबाबंद दुधात ते फुटू नये म्हणून द्रव्ये घातलेली असतात आणि त्यामुळे हे तेल धड सुटत नाही, असेही भाचीने सांगितले. आत्याला डबाबंद दुधाची निंदा ऐकून समाधान वाटले. पुढे पातळ दूध, लाल भोपळा, रताळे, थोडा ताडगूळ आणि मीठ. वांगे घातले नाही, कारण चातुर्मास. लसूण-कांदाही नाही, आणि त्यावर भाचीने असे सांगितले की थायलंडातले चिनी वंशाचे लोक आपल्या नवरात्राच्याच सुमारास नऊ दिवस मांस आणि कांदा-लसूण वर्ज्य करतात, दुकानांवर पिवळी निशाणे लागतात, आणि याच धाटणीची करी रस्तोरस्ती मिळते. आत्याला त्या लोकांविषयी एकदम आपुलकी उत्पन्न झाली. त्यांच्यातले इतर लोक एरवी आपली तुळस मांसाबरोबर परततात, ही माहिती भाचीने मुत्सद्दीपणाने राखून ठेवली, आणि करीत कुंडीतल्या सब्जाची पाने टाकली.

आता हे उपासाला चालते काय, हा मुद्दा उपस्थित झाला. कोळिंजन हे आल्याचे भावंड, म्हणून मंजूर. गवती चहा उपासाच्या चहात असतोच. भोपळा, रताळे, जिरे, मिरी यांची सनद जुनी. धने कुटण्याआधीच आत्याने बाजूला काढले होते. मिरचीचा प्रश्न कोणी काढलाच नाही. ती बिचारी अमेरिकेतली; आल्बुकर्कने 1510 साली गोवा घेतले, 1511 साली मलाक्का घेऊन सयामच्या राजाकडे वकील धाडला, आणि मग पोर्तुगीजांच्याच गलबतांतून ती दोन्हीकडे पोहोचली. बटाटा, शेंगदाणा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हेही सारे तिकडचेच रहिवासी. हे परदेशस्थ आमच्या एकादशीला पंक्तीत बसतात, आणि वेदकाळापासूनचे जव बाहेर उभे राहतात, हे मी निदर्शनास आणून दिले. त्यावर "तू पोळी खाल्ली आहेस, तू बोलू नकोस" असा निर्णय झाला.

आत्याने करी वरीच्या भाताबरोबर खाल्ली. पहिल्या घासाला डोळे मिटले, दुसऱ्याला उघडले, आणि पुन्हा वाढून घेतली. स्तुती करण्याचा तिचा स्वभाव नाही. तिने फक्त उरलेली करी डब्यात भरवली, झाकण घट्ट लावविले, आणि संध्याकाळच्या भोंडल्याला आजची खिरापत हीच, असे फर्मान काढले. इमारतीतल्या मुलीबायकांनी फेर धरून गाणी म्हटल्यावर रीतीप्रमाणे खिरापत ओळखायची वेळ आली. गोड की तिखट, उपासाची की रोजची, वडी की उसळ, असे सगळे अंदाज संपले. डबा हलवून झाला. आत्या पाटावर न्यायाधीशासारखी बसून एकेक तर्क फेटाळीत होती. अखेर पहिल्या मजल्यावरच्या एका चिमुरडीने झाकणाच्या फटीला नाक लावून, खूप विचार करून, "खोकल्याचा काढा!" असे सांगितले. पुराव्याकडे पाहता मी तो तर्क ग्राह्य धरला असता. आत्याने तो नामंजूर केला, आणि गाणी पुन्हा पहिल्यापासून म्हणावयास लावली.