तांबट आणि त्र्याऐंशी पट झूम

ग्रॅच्युइटी खात्यात जमा झाली आणि मला एकाएकी पक्षी दिसू लागले. छत्तीस वर्षं कचेरीमागच्या पिंपळावर तांबट टुकटुक करत होता, तेव्हा मला वाटायचं नळ गळतोय. (लेखी तक्रारही दिली होती.)

आता प्रश्न कॅमेऱ्याचा. पक्ष्यांसाठीची मोठी लेन्स घ्यावी तर तेवढ्यात एक लग्न निघतं. म्हणून ब्रिज कॅमेरा : लेन्स बदलायची कटकट नाही, एकाच नळकांड्यात सगळा संसार. निकॉन पी ९५० घ्या, ८३ पट झूम, २००० मिलिमीटर. पी १००० घ्या, १२५ पट, थेट ३०००! वजन मात्र जवळजवळ दीड किलो. गळ्यात एक पट्टा कंपनीचा, दुसरा हाडांच्या डॉक्टरांचा.

एवढं झूम या किमतीत बसतं कसं? आतला सेन्सर जेमतेम सहा मिलिमीटर रुंद, तुरीच्या डाळीएवढा. उन्हात झकास, पण पक्षी उठतात पहाटे, आणि त्या उजेडात खंड्याच्या पाठीवर रवा सांडल्यासारखा दिसतो. एक इंची सेन्सरचा सोनी घ्यावा, तर झूम ६००ला थांबतं आणि किंमत थांबत नाही.

"आधी साधी दुर्बीण घ्या. पक्षी सापडतो का, ते तरी कळेल," ही म्हणाली. ऐकलं नाही. भिगवणला पूर्ण झूम लावून रोहित शोधला. चौकटीत आधी नुसतं पाणी, मग नुसतं आकाश, मग पलीकडच्या होडीतल्या नावाड्याच्या बनियनचं भोक. अत्यंत सुस्पष्ट.